मुलगा वाचत नाही, म्हणजे नेमकं काय करत नाही?

अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या 64 विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळीचं वर्णन वाचायला दिलं. मग समोर मैदानाची छोटी प्रतिकृती आणि लाकडी खेळाडू ठेवले: वाचलंत ते हलवून दाखवा. वाचनात हुशार नि कच्चे, खेळाची जाण असलेले नि नसलेले, असे चार गट होते. वाचनात कच्ची, पण खेळ कोळून प्यायलेली मुलं सरस ठरली. चांगलं वाचता येणारी, पण खेळातलं काही न कळणारी मागे पडली. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा हा प्रयोग 1988 साली प्रसिद्ध झाला. ‘आमचा मुलगा पुस्तकाला हात लावत नाही’ असं कोणी म्हणालं की मला तो हटकून आठवतो.

तक्रार खोटी नाही. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2018 साली वाचनात मुली सगळ्या सहभागी देशांत पुढे होत्या. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या गटात सरासरी 30 गुणांनी. यावरून ‘मुलग्यांचा मेंदूच तसा’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण 2012 सालच्या याच चाचणीत कागदावर 38 गुणांची असलेली दरी संगणकाच्या पडद्यावर 26 झाली. त्यात पडद्यावर वावरण्याच्या सवयीचा वाटा असेलही. तरी मेंदूतच कोरलेला फरक माध्यम बदललं म्हणून इतका आकसेल, हे पटत नाही.

फ्रान्समधल्या तिसरीच्या 80 मुलांवरचा प्रयोग आणखी बोलका आहे. काम एकच: शब्दांच्या गर्दीतून प्राण्यांची नावं शोधायची. काहींना सांगितलं ही वाचनाची परीक्षा, बाकीच्यांना सांगितलं हा खेळ. ‘परीक्षेत’ मुलगे मुलींच्या मागे राहिले, ‘खेळात’ पुढे गेले. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘वाचन हे आपलं काम नव्हे’ हा समज आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आधीच बसलेला असू शकतो, हे त्यातून दिसतं. (वाचताना अक्षरंच अडत असतील तर गोष्ट वेगळी. डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द वाचण्यातलीच अडचण, मुलग्यांत जास्त आढळतो. तिथे तपासणी हवी, उपदेश नको.)

मग येतो सराव. पाचवीच्या मुलांच्या वाचनाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात मधल्या फळीतलं मूल शाळेबाहेर दिवसाला जेमतेम 4.6 मिनिटं पुस्तक वाचत होतं. वर्षाचे सुमारे 2 लाख 82 हजार शब्द. 21 मिनिटं वाचणाऱ्यांच्या डोळ्यांखालून 18 लाखांहून जास्त शब्द जात होते. जो वाचतो त्याला वाचणं सोपं जातं, म्हणून तो आणखी वाचतो. उलटही तितकंच खरं. म्हणून विमानांची माहिती, सामन्यांचे वृत्तांत, चित्रकथा, यंत्र जोडण्याच्या सूचना यांना ‘हे काय वाचन झालं’ म्हणून नाक मुरडणं मला परवडणारं वाटत नाही. ओळखीच्या विषयात मूल अवघड शब्दालाही अर्थाच्या आधाराने भिडतं, बेसबॉलवाल्या मुलांसारखं.

बक्षिसाचं आमिष मात्र जपून. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली चित्रं काढायची आवड असलेल्या लहानग्यांना आधीच प्रशस्तिपत्राचं कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे त्यांची आपणहून चित्रं काढण्याची ओढ घटली. ‘वीस पानं वाच, मग गेम खेळ’ म्हटलं की वाचन ही गेमसाठी भरायची पट्टी होते.

लेखनाचं दुखणं निराळं, आणि मोठंही. अमेरिकेतल्या 39 लाख विद्यार्थ्यांच्या गुणांच्या विश्लेषणात मुलामुलींमधली लेखनातली दरी वाचनापेक्षा रुंद निघाली. इथे एक अपराधी अनेकदा नजरेतून सुटतो: हात. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येईल इतकी जागा मर्यादित असते. अक्षर वळवण्यातच ती खर्ची पडली तर पुढचं वाक्य सुचायला जागा उरत नाही. तोंडाने तासभर गोष्ट रंगवणारा मुलगा वहीत तीन ओळी लिहितो तो अनेकदा यामुळेच. आपण त्याला आळस म्हणतो. अक्षराचा थोडा रोजचा सराव द्यावा, पण गोष्ट त्या वेळी मागू नये. गोष्ट त्याने सांगावी, मोठ्यांनी उतरवून घ्यावी, शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी पाहावं.

आणि लिहायला काय द्यावं? ‘माझा आवडता ऋतू’ नको. त्याला येणाऱ्या खेळाचे नियम एखाद्या नवख्यासाठी लिहून मागा. नवखा खरा असावा, आणि त्याने तोच कागद हातात धरून खेळायला बसावं. राहून गेलेला नियम पहिल्याच डावात उघडा पडतो. मग ‘थांब, थांब’ म्हणत पेन्सिल शोधायला उठतो तो लेखकच.