खोली कुठून मोजायची, वेग कशाच्या तुलनेत?

१९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये वेस्टर्ली सेंटॉर जातीच्या २६ फुटी शिडाच्या नौका दोन हजारांहून अधिक बांधल्या गेल्या. फायबरग्लासच्या असल्याने त्यांतल्या कित्येक आजही धडधाकट आहेत. पाण्याची खोली आणि नौकेचा वेग दाखवणारी त्या काळातली यंत्रं मात्र थकली. ती बदलताना मालक आधी नवा पडदा निवडतो. माझ्या मते सुरुवात तळाशी बसलेल्या संवेदकापासून करावी.

खोली दाखवणारं जुनं यंत्र मोठं देखणं. गोल तबकडीमागे मोटरवर फिरणारा दांडा आणि त्याच्या टोकाला छोटा दिवा. दांडा शून्यावरून गेला की तळातून ध्वनीचा ठोका सुटे आणि प्रतिध्वनी परतताच दिवा चमके. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तबकडी ६० फुटांची असेल, तर जाऊन-येऊन १२० फुटांना सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, म्हणजे दांड्याने मिनिटाला जवळपास २४०० फेरे घ्यायला हवेत. वेळ मोजण्याचं सारं काम त्या फिरण्यातच उरके. पण पाणी ७० फूट खोल असलं, तर प्रतिध्वनी पुढच्या फेरीत पोचे आणि दिवा १० फुटांवर चमके.

नवं यंत्र हीच वेळ थेट अंकांत मोजतं. ध्वनी काढते ती सिरॅमिकची चकती: वीज दिली की ती थरथरते आणि प्रतिध्वनीने थरथरली की वीज देते. लहान नौकांवर तिची वारंवारता सहसा २०० किलोहर्ट्झ असते. काही जुन्या चकत्या १५० किलोहर्ट्झच्या होत्या, म्हणून जुनी चकती आणि नवा पडदा यांची जोडी बहुधा जमत नाही.

भरीव फायबरग्लासमधून हा ध्वनी आरपार जातो, त्यामुळे चकती आतूनच बसवता येते, भोक पाडावं लागत नाही. मध्ये हवा मात्र नको. घन पदार्थ आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ सगळा मागे फिरतो. एखादा बुडबुडाही घात करतो, आणि फोमचा थर असलेल्या तळातून तर काहीच दिसत नाही. कायमची चिकटवण्याआधी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवून, तिच्यावर चकती दाबून जागा तपासून घ्यावी.

वेगाला ही सवलत नाही. त्याचं छोटं पाणचक्र बाहेर पाण्यातच फिरावं लागतं. पात्यांतले चुंबक जवळून गेले की आतला संवेदक स्पंदनं मोजतो. शेवाळ किंवा बार्नेकल हे कवचधारी जीव चिकटले की चक्र अडतं. मग ते आतून उपसून साफ करायचं आणि तेवढा वेळ भोकात बूच ठोकायचं. हल्ली खोली, वेग आणि तापमान एकाच ५१ मिलिमीटरच्या भोकातून मोजणारे संवेदक मिळतात. जुनं भोक त्या मापाचं असेल तर तेच वापरावं. पाण्याखाली नवं भोक पाडायला मी कुणालाही सुचवणार नाही.

जीपीएस असताना चक्र कशाला? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलेंट सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकाला, हर्स्टच्या अरुंद वाटेत उधाणाचा प्रवाह ४ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर जातो. ५ नॉटने त्याच्यासमोर निघालेल्या नौकेला जीपीएस जमिनीच्या तुलनेत जेमतेम १ नॉट दाखवेल. घरी कधी पोचणार याचं ते उत्तर बरोबर आहे. पण शीड नीट ताणलं आहे का, हे पाण्यातला वेगच सांगतो. शिवाय दोन्ही आकडे हाती असले, तरच प्रवाह किती ते कळतं.

चक्राचा आकडा खऱ्या वेगाशी जुळवताना एक सागरी मैल प्रवाहाबरोबर आणि एक विरुद्ध जायचं. १ नॉटच्या प्रवाहात ५ नॉटची नौका जाताना १० मिनिटं घेईल, येताना १५. वेळांची सरासरी साडेबारा मिनिटं, त्यावरून वेग येतो ४.८. हे चूक. ६ आणि ४ या वेगांची सरासरी काढली की बरोबर ५ येतात.

खोलीचं शून्यही ठरवावं लागतं. चकती पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक फूट आणि कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंख, तीन फुटांपर्यंत असेल, तर चकतीखाली पाच फूट म्हणजे पृष्ठभागापासून सहा आणि कीलखाली फक्त तीन. यंत्रात यांतला कोणताही आकडा ठेवता येतो. कोणता ठेवला ते पडद्याशेजारी लिहून ठेवावं, आणि धक्क्याला उभं असताना दोरीला वजन बांधून तो एकदा पडताळावा.