अर्देशिर करसेटजी वाडिया
मुंबईचे पारशी जहाजबांधणीकार आणि सुरुवातीच्या काळातले मेकॅनिकल इंजिनियर (1808–1877). घराणं लवजी नसरवानजींचं, जे 1735-36 च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि त्यानंतर पिढ्यानपिढ्या मुंबई गोदीत मास्टर बिल्डर (मुख्य जहाजबांधणीकार) याच घरातले, 'कॉर्नवॉलिस' आणि 'ट्रिंकोमाली' ही जहाजं त्यांचीच. अर्देशिर मात्र सागवानी लाकडापेक्षा वाफेकडे ओढले गेले.

साधारण 1833 मध्ये त्यांनी एक हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन स्वतः केलं, आणि त्याच सुमारास माझगावला 60 टनी 'इंडस' हे जहाज बांधलं जे पुढे मुंबई सरकारने विकत घेतलं. वाद आहे तो इथे. इंडसचं इंजिन पूर्ण त्यांनीच घडवलं असं काहीजण लिहितात, तर दुसऱ्या हकिगतीप्रमाणे वडिलांना गळ घालून दहा हॉर्सपॉवरचं मरीन इंजिन इंग्लंडहून मागवलं होतं. पुढे रॉयल सोसायटी या इंग्लंडच्या विज्ञानसंस्थेचे फेलो म्हणजे सदस्य होण्यासाठी त्यांचं जे शिफारसपत्र होतं, त्यात भर आहे तो युरोपियनांच्या मदतीशिवाय जहाज बांधून त्याला इंजिन बसवलं यावर, त्यामुळे लहान इंजिन घडवलेलं आणि मोठं बसवलेलं असं धरणं जास्त पटतं. आणि बसवणं म्हणजे कमी काम असं कुणी समजू नये, लाकडी सांगाड्यात बॉयलरचं वजन, शाफ्ट, हादरे हे सगळं जुळवायचं होतं, आणि मुंबईत वाफेची जहाजं तेव्हा नुकतीच दिसू लागली होती.

1834 च्या सुमारास माझगावचा बंगला आणि बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली, शहराच्या रस्त्यांवर गॅस येण्याच्या कितीतरी आधी. यात विरोध झाला आणि पदरचे पैसेही गेले.

1839 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि 27 मे 1841 ला रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले. पहिले भारतीय फेलो म्हणून रामानुजन यांचं नाव अजूनही सांगितलं जातं ते चूक आहे, रामानुजन 1918 चे, म्हणजे 77 वर्षांनंतरचे आणि दुसरे. 1841 मध्येच कंपनी सरकारने अर्देशिरना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत चीफ इंजिनियर नेमलं, हाताखाली युरोपियन माणसं होती आणि त्या काळात हे फार मोठं होतं.

1849 मध्ये अमेरिका पाहिली. 1857 ला निवृत्ती, मग काही काळ सिंधमध्ये कोटरीला इंडस फ्लोटिलाचं, म्हणजे सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या ताफ्याचं काम, त्यानंतर इंग्लंडमध्येच मुक्काम. 16 नोव्हेंबर 1877 ला लंडनजवळ रिचमंडला निधन झालं. 1969 मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्यावर तिकीट काढलं.