हृदयविकारानंतरचा व्यायाम रुग्णापर्यंत का पोहोचत नाही?

अँजिओप्लास्टी होते, दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज मिळतो. कार्डावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, रक्तदाबाचं औषध, पुढच्या तपासणीची तारीख आणि शेवटी ‘जड काम टाळावे’ अशी एक ओळ. जड म्हणजे किती? जिना चढायचा का? भरलेली बादली उचलायची का? कामावर कधी जायचं? हे समजावून सांगायला त्या गडबडीत कुणाला सवड नसते. मग रुग्ण जपून जपून बसून राहतो आणि घरचे त्याला काही करू देत नाहीत.

या प्रश्नांची उत्तरं देणारी एक आखीव उपचारपद्धती आहे: हृदय पुनर्वसन, अर्थात कार्डियाक रिहॅब. देखरेखीखालचा व्यायाम हा तिचा कणा. जोडीला आहार, तंबाखू सोडणं, औषधांची शिस्त आणि मनात बसलेली धास्ती यांवरही काम होतं. कोक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये ६३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १४ हजारांहून जास्त रुग्ण होते. व्यायामावर आधारित पुनर्वसन घेतलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले आणि पुन्हा रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण ३०.७ वरून २६.१ टक्क्यांवर. सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत मात्र स्पष्ट घट दिसली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

फायदा सिद्ध आहे, तरी लाभार्थी थोडे. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना ३६ सत्रांचा बहुतेक खर्च उचलते. पण २०१६ मध्ये पात्र ठरलेल्या मेडिकेअर रुग्णांपैकी जेमतेम २४ टक्के पुनर्वसनाला गेले आणि गेलेल्यांपैकी सगळी सत्रं पूर्ण करणारे साधारण २७ टक्केच होते. विम्याचं पाठबळ असूनही ही अवस्था, म्हणजे गाडं निव्वळ पैशापाशी अडलेलं नाही.

ते बऱ्याच अंशी भीतीपाशी अडतं, आणि या भीतीला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ट अटॅक आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे खाटेवरून हलू देत नसत. सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या हृदयतज्ज्ञांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा तेसुद्धा धाडस वाटलं होतं. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आलं. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकतं, ती त्यांची क्षमता पावपटीहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयवाढीने शरीराची जेवढी हानी केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केली होती! असं असूनही ‘पडून राहा, आराम करा’ हा सल्ला आजही प्रेमाने दिला जातो.

पुनर्वसन केंद्रात नेमकं होतं काय, हे पाहिलं तर ही धास्ती बरीच ओसरते. सुरुवातीला बऱ्याचदा सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतात. सपाट, सरळ मार्गिकेत रुग्णाने आपल्या चालीने चालायचं, दम लागला तर थांबायचं; किती मीटर अंतर कापलं त्याची नोंद होते. व्यायामाच्या वेळी फिजिओथेरपिस्ट विचारतात, ‘आत्ता किती कष्ट वाटताहेत?’ उत्तर बोर्ग मोजपट्टीवर ६ ते २० यांमधल्या आकड्यात द्यायचं. बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असल्या की नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडीइतकंच महत्त्व या आकड्याला असतं. धोक्याचं म्हणाल, तर फ्रान्समधल्या केंद्रांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्यायामाच्या दर दहा लाख रुग्ण-तासांमागे हृदय बंद पडण्याच्या सरासरी १.३ घटना आढळल्या.

दुसरी अडचण अगदी साधी आहे: रुग्णाला तिथे कुणी पाठवतच नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ११ रुग्णालयांत झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांना आठवलं तर चिठ्ठी, अशी नेहमीची पद्धत होती तिथे ३२ टक्के रुग्णांनाच पुनर्वसनासाठी पाठवलं गेलं. पात्र रुग्णाची चिठ्ठी आपोआप निघेल आणि शिवाय कुणीतरी खाटेपाशी येऊन समजावून सांगेल, अशी व्यवस्था होती तिथे हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेलं. रुग्ण तसेच, आजारही तोच. फरक पडला तो कामाच्या पद्धतीने.

त्यातही वेळ दवडून चालत नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत काहींना डिस्चार्जनंतर दहा दिवसांच्या आत पहिल्या भेटीची वेळ दिली, तर काहींना नेहमीप्रमाणे महिनाभराहून अधिक काळाने. पहिल्या गटातले ७७ टक्के आले, दुसऱ्यातले ५९. घरी गेल्यावर छातीतली कळ थांबलेली असते, माणूस कामाला लागतो आणि ‘आता बरं आहे की’ म्हणून विषय मागे पडतो. त्यामुळे घरच्यांनी डिस्चार्ज घेतानाच पुनर्वसनाची चौकशी करून तारीख मागून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

गळती पुढेही होते. आठवड्यातून तीनदा, तीही कामाच्या वेळेत, लांबच्या केंद्रात जायचं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो. स्त्रियांना मुळात कमी पाठवलं जातं आणि पाठवलं तरी घरातल्यांचं करता करता त्यांची सत्रं बुडतात. वयस्कर रुग्णाला सोबत लागते. आणि जायचं ठरवलं तरी जागा कुठे आहे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत २०३ पैकी १११ देशांतच ही सेवा आढळली, आणि तिथेही हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या दर ११ रुग्णांमागे एक जागा.

केंद्रं वाढायला हवीतच, पण तोवर थांबायचं कारण नाही. घरी राहून, फोनवरच्या मार्गदर्शनाने केलेलं पुनर्वसन केंद्रातल्याइतकंच परिणामकारक ठरल्याचं कोक्रेनच्या आढाव्यात दिसलं आहे. मात्र त्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण कमी ते मध्यम जोखमीचे होते. हृदयाची ताकद फार घटलेले किंवा ठोक्यांची लय बिघडलेले रुग्ण यांना निदान सुरुवातीला ईसीजीच्या देखरेखीची गरज असते. स्थिर रुग्णांची सोय घरी लावून दिली, तर केंद्रातल्या त्या मोजक्या जागा यांच्यासाठी मोकळ्या ठेवता येतील.