नागपूरभोवतीच्या वारस नसलेल्या जागा

नागपूरचा इतिहास सांगताना आपण बहुधा 1702 या सालापासून सुरुवात करतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने नाग नदीच्या काठची लहान लहान खेडी एकत्र करून शहर वसवले, त्याच्या मुलाने ते तटबंदीने बंदिस्त केले, आणि पुढे रघूजी भोसल्यांनी येथे आपली राजधानी आणली. हा क्रम शाळेपासून पाठ असतो आणि तो चुकीचाही नाही. मात्र त्यामुळे शहराचे वय तीनशे वर्षांचे ठरते, आणि शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या, त्याहून कितीतरी जुन्या जागा आपल्या हिशेबातूनच निसटतात. महालातील जुन्या जुम्मा दरवाज्याला, म्हणजे आजच्या गांधी गेटला, ओळख आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यावर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी लढाई झाली. तो लष्कराच्या ताब्यात असून वर्षातल्या मोजक्या दिवशीच उघडत असला, तरी त्याची देखभाल करणारे कोणीतरी आहे. ज्या जागांना आपला म्हणणारा वंश, संस्था किंवा खाते उरले नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

काटोल रस्त्याने शहराबाहेर पडल्यावर दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी लागते. येथील मुरमाड, खडकाळ माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे तीनशे वर्तुळे पसरलेली आहेत. प्रथम पाहणाऱ्याला ती एखाद्या शेताच्या बांधाचे उरलेले दगड वाटतात. दोन-तीन वर्तुळे सलग फिरून पाहिल्यावर त्यांतील गोलाई लक्षात येऊ लागते. ही महापाषाण काळातील, म्हणजे मोठे धोंडे मांडून दफनाची जागा आखली जाई त्या, ढोबळमानाने इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातील दफने आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने येथे उत्खनन केले आणि 1879 मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे 1961-62 च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी शास्त्रीय पद्धतीने पुन्हा खोदकाम केले. दगडांच्या कड्याच्या आत काळी चिकण माती आणि दगडगोटे भरलेले आढळले. या भागातील अशा दफनांत काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर आणि घोड्याच्या लगामाची लोखंडी कडी सापडलेली आहेत. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले दिसतात, आणि त्यांच्या दिशांचा संबंध आकाशाशी लावण्याचे प्रयत्न अभ्यासकांनी केले आहेत.

ही वर्तुळे टिकली याचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला देण्याचे कारण नाही. विदर्भातील महापाषाणी स्थळे मुख्यतः नांगराला न जुमानणाऱ्या जमिनीवर आहेत. जेथे कापसाची काळी माती होती तेथे शेते झाली, आणि जेथे मुरूम होता तेथे मेलेल्यांना जागा मिळाली. ती पुढे कोणाला नकोशी असल्यामुळेच शाबूत राहिली. आता प्लॉटिंग आणि रस्त्यांना मात्र मुरूम चालतो, हेही येथेच नोंदवलेले बरे.

जुनापाणी एकटे नाही. जवळच्या माहुरझरीला 1970 नंतरच्या उत्खननात घोड्यांना घालण्याचे तांब्याचे अलंकार मिळाले, आणि अकीकाचे मणी घडवणारे गाव म्हणूनही ते अभ्यासकांना परिचित आहे. पारशिवनी तालुक्यातील नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच हाती लागली. म्हणजे दफनात ठेवलेल्या लोखंडी वस्तूंमागे हे काम जाणणारे कारागीर याच प्रदेशात होते. आज या गावांत जाणाऱ्या माणसाला शेते, झुडपे आणि काही ठिकाणी पुरातत्त्व खात्याचा फलक यापलीकडे फारसे दिसत नाही; पाहण्यासारखे जे आहे ते आधी वाचून गेल्याशिवाय उमगत नाही.

रामटेकला जाणारे हजारो लोक गडमंदिराचे दर्शन घेऊन परततात, आणि तेथून काही किलोमीटरवरचे नगरधन बाजूलाच राहते. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक या प्राचीन घराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहिला, आणि तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनाहूनच दिलेला आहे. 2015 ते 2018 या काळातील उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा नगरधनला मिळाली. त्यामुळे ताम्रपटातील नाव आणि शेतातील टेकाड यांची गाठ पडली. पुढे दुसऱ्या प्रवरसेनाने राजधानी प्रवरपूरला हलवली. ते प्रवरपूर म्हणजे मनसर की वर्ध्याजवळचे पवनार, यावर मतभेद आहेत. नगरधनचा आज उभा असलेला किल्ला मात्र बराच नंतरचा आहे.

वारस नसणे ही केवळ प्राचीन जागांची अवस्था नव्हे. जमशेदजी टाटांनी नागपुरात जुम्मा तलावाजवळ कापड गिरणीसाठी दलदलीची जमीन घेतली तेव्हा एका स्थानिक सावकाराने, हा माणूस सोने मातीत पुरतो आहे, असे म्हणून कर्ज नाकारल्याचे सांगतात. माती टाकून सोने काढले, असे त्यालाच पुढे म्हणावे लागले. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिनिधी आणि अपघाताची भरपाई या गोष्टी तेथे कायद्याच्या कितीतरी आधी आल्या. 1986 मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. तिच्या जमिनीवर आज मॉल आहे. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून हयात असताना गिरणी दिसेनाशी झाली.

त्याच 2002 साली नागपूरच्या मोतीबागेत नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. त्या वेळी नागपूर-छिंदवाडा आणि इतवारी-नागभीड या छोट्या गाड्या अजून धावत होत्या, म्हणजे संग्रहालय आधी आले आणि संग्रहात जाण्याची पाळी नंतर. छिंदवाडा मार्ग 2015 मध्ये, तर उमरेडवरून जाणारा 106 किलोमीटरचा नागभीड मार्ग नोव्हेंबर 2019 मध्ये रुंद रुळांच्या ब्रॉडगेजमध्ये बदलण्यासाठी बंद करण्यात आला.