जोर मारायचा की राखायचा? पोलिओनंतरची कमजोरी आणि व्यायाम

कोल्हापुरात जोर मारतात आणि त्यानंच अंगात जोर येतो, असं मानतात. त्यामुळे लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाचा 'चांगला' पाय पन्नाशीत लटपटू लागला, की घरचे म्हणतात, "बसून बसून झालंय, जरा व्यायाम कर." दवाखान्यात नेमकं उलट सांगितलं जातं: आराम करा.

पोलिओनंतर बऱ्याच वर्षांनी येणाऱ्या या दुखण्याची नोंद १८७५ मध्ये फ्रान्समध्ये झाली. रुग्ण होता चामडं कमावणारा १९ वर्षांचा तरुण. दोष त्याच्या कष्टाच्या कामाला दिला गेला. १९४० च्या दशकात पोलिओच्या स्नायूंना वाढत्या वजनांचा व्यायाम देऊन पाहिला गेला. मग १९५८ मध्ये 'अतिश्रमाची कमजोरी' हा शब्द रूढ झाला आणि घोळ इथंच झाला. इशारा अर्धवट नसा उरलेल्या स्नायूंना अति राबवण्याबद्दल होता. ऐकणाऱ्यांनी त्यातला 'अति' गाळला आणि व्यायामच बंद केला. माझ्या मते या बंदीनं पोलिओग्रस्तांचं फार नुकसान केलं, कारण न वापरल्यानंही स्नायू झिजतोच.

मात्र घरच्यांचा सल्लाही तितकाच घातक ठरू शकतो. पोलिओत मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मरतात. वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडून पोरके स्नायूतंतू सांभाळतात आणि हा भार तीस-चाळीस वर्षं वाहतात. मग त्या फांद्या गळू लागतात. निम्म्या पेशी गेलेला स्नायूसुद्धा हातानं तपासताना धडधाकट वाटू शकतो. म्हणून 'चांगला' पाय खरोखर चांगला असेलच, असं नाही.

१९८० च्या दशकात या दुखण्याला 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' असं स्वतंत्र नाव मिळालं आणि व्यायामाच्या चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. २००३ मधल्या एका छोट्या चाचणीत अंगठ्याच्या स्नायूंना १२ आठवडे बेतानं व्यायाम दिला. ताकद वाढली आणि चेतापेशी घटल्याचं दिसलं नाही. आता साधारण मत असं आहे: आपला हात किंवा पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलू न शकणाऱ्या स्नायूला वजनं देऊ नयेत. बाकीच्यांना हलका व्यायाम द्यावा, तोही एक दिवसाआड आणि मध्ये विसावा घेत. दुसऱ्या दिवशीही दुखणं किंवा थकवा उरला, तर प्रमाण कमी करावं.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्याआधीची पिढी आता उतारवयाकडे चालली आहे. कुबडीवर आयुष्य काढलेल्यांच्या खांद्यांनी पायाचंही काम केलंय. त्यांना डंबेल्स देण्याआधी खांद्यावरचा रोजचा भार उतरवायला हवा: पायाला आधार देणारं, नीट बसणारं कॅलिपर, लांब पल्ल्याला व्हीलचेअर.