गोठ्यातली शुश्रूषा : सालोत्री ते पशुधन पर्यवेक्षक

व्यायल्यावर एक-दोन दिवसांत गाय बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग उलट थंड असतं, कारण रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की बहुतेक गाई काही तासांत उठतात. जी उठत नाही, तिचं सगळं शुश्रूषेवर येतं. खाली पाचटाचा जाड थर, दर तीन-चार तासांनी कूस पालटणं, मागचे पाय चोळणं, तोंडापाशी पाणी आणि वैरण. ४००-५०० किलोचं जनावर एकाच कुशीवर पडून राहिलं तर मांडीचे स्नायू आणि नसा चेंगरतात. मग कॅल्शियम कितीही द्या, पाय साथ देत नाहीत.

ही शुश्रूषा आपल्याकडे गोठ्यात येऊन दाखवतो तो पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे पशुवैद्यकाच्या हाताखालचा प्रशिक्षित सहायक. त्याच्या कामाची परंपरा पशुवैद्यक महाविद्यालयांहून जुनी आहे. घोडदळात घोड्यांवर उपचार करणारा सालोत्री असायचा. हे नाव अश्ववैद्यकाचा आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्रावरून आलं. बैलाच्या वाट्याला मात्र गावातला जाणकारच. खांदा सुजला की शेक, लंगडला की डाग, जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाचा पाला वाटून भरायचा. यातला शेक आजही उपयोगी आहे. डागण्या मात्र मला कधीच पटल्या नाहीत. दुखऱ्या सांध्यावर आणखी एक जखम, एवढंच त्यातून होतं.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ साली त्याच्या जोडीने पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. पण सरकारला जनावरांच्या आजाराकडे वळवलं ते बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथीने. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या हॅलन यांच्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला, आणि १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली, जी पुढे कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. १९५४ पासून देशभर निर्मूलन मोहीम चालली. गावोगाव दावणीला जाऊन लस टोचणारे हात हवे होते, आणि तेवढे पदवीधर डॉक्टर नव्हते. प्रशिक्षित सहायकांची फळी अशा गरजेतून वाढली. देशातला बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ सालचा. २०११ साली जग त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

कायद्याने या माणसाला जागा दिली ती जेमतेम. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला राज्य सरकारच्या आदेशाने, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली फक्त ‘किरकोळ सेवा’ देता येतात : लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी. निदान आणि शस्त्रक्रिया डॉक्टरकडेच हवी, हे मला मान्य आहे. पण मलमपट्टीला किरकोळ म्हणणाऱ्याने अळ्या पडलेलं खूर एकदा हातात धरून पाहावं.

दुग्धज्वराच्या उपायांत खुराकाचं ज्ञान सगळ्यात उशिरा आलं. १८९७ साली डेन्मार्कच्या श्मिट यांनी दुग्धज्वरात कासेत औषधी द्रावण सोडलं आणि गाई उठू लागल्या. पुढे लक्षात आलं की नुसती हवा भरली तरी चालतं : कासेत दाब वाढतो, दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तात राहतं. कॅल्शियमची सलाइन त्यानंतरची. आता भर विण्याआधीच्या खुराकावर आहे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभण गाईला लसूणघास आणि चुना भरपूर दिला, तर हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मंदावते आणि विताना ती कमी पडते. शेतकऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून गोठ्यात बसून समजवावं लागतं.

२०२२ साली लम्पी या विषाणूजन्य त्वचारोगाची मोठी साथ आली. जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, गाठी फुटून जखमा झाल्या. लस शेळ्यांच्या देवीची वापरली गेली. विषाणूवर थेट औषध नव्हतंच. जखम धुणं, चिमट्याने एकेक अळी काढणं, माश्या बसू नयेत म्हणून कडुनिंबाचं तेल लावणं, तोंड आलेल्या बैलाला कोवळा चारा आणि पातळ आंबील भरवणं : बैल वाचले ते यावरच.