किती नोंदले, किती विकले

दर महिन्याच्या सुरुवातीला बातमी येते: मुंबईत गेल्या महिन्यात इतक्या हजार घरांची विक्री. तिमाही संपली की आणखी एक आकडा येतो, तोही घरविक्रीचाच म्हणून. पुष्कळदा पहिला चढलेला असतो आणि दुसरा उतरलेला. मग मुलुंडमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका पहिला आकडा टाकून सांगतात, ‘भाव अजून चढणार, आत्ताच घ्या.’ दुसरे काका दुसरा आकडा टाकून सांगतात, ‘थांबा, बाजार पडतोय.’ दोघांचे आकडे खरे असतात, पण ते एकाच गोष्टीचे नसतात. पहिला दस्त नोंदणीचा आहे, दुसरा बुकिंगचा. वर्तमानपत्रं दोन्हींना ‘घरविक्री’ म्हणतात आणि हा घोळ वर्षानुवर्षं तसाच चालू आहे. आपल्या उपनगरात घरं किती खपतायत आणि किती पडून आहेत, हे ज्याला खरोखर बघायचंय त्याने आधी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात.

बुकिंग सगळ्यांना माहीत आहे. सेल्स ऑफिसात गेलात, टोकनचा चेक दिलात, फॉर्म भरलात, मजला आणि फ्लॅट नंबर ठरला. सल्लागार कंपन्या तिमाहीला जी विक्री सांगतात ती बहुतेक ही, म्हणजे बिल्डरांनी विकलेली नवी घरं. रीसेल त्यात धरत नाहीत. नोंदणीचा आकडा येतो नोंदणी व मुद्रांक विभागाकडून, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जे दस्त प्रत्यक्ष नोंदले गेले त्यांचा. मुंबईत २०२४ साली असे १ लाख ४१ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. त्यात नवं घर आलं, रीसेल आलं, शिवाय दुकानं आणि ऑफिसंही आली. इथपर्यंतचा फरक एकदा सांगितला की कोणालाही कळतो. खरी फसगत होते ती तारखेत.

नव्या घराचं बुकिंग आणि त्याची नोंदणी यांच्यात अंतर असतं, आणि ते अंतर ठरावीक नसतं. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे दहा टक्क्यांच्या आत पैसे घेऊन फ्लॅट अडवून ठेवायचा आणि करारनामा पुढे करायचा, हे सर्रास चालतं. गिऱ्हाइकालाही ते सोयीचं पडतं, कारण मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासकट ६ टक्के आहे. दीड कोटीच्या घरावर ९ लाख झाले, वर नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम एकरकमी उभी करायला लोकांना वेळ लागतो. म्हणजे दसऱ्याला झालेलं बुकिंग नोंदणीच्या आकड्यात नाताळात दिसतं, कधी थेट मार्चमध्ये.

त्यात आणखी एक मुदत मिळते. नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला नेता येतो. त्यानंतरही दंड भरून आणखी चार महिने मिळतात. म्हणजे कागद पक्का होण्याची तारीख एक आणि आकड्यात चढण्याची तारीख दुसरी.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते २०२०-२१ मध्ये दिसलं. १ सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारने मुंबईतलं मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, ३१ डिसेंबरपर्यंत. १ जानेवारीपासून ते ३ टक्के होणार होतं आणि मार्चअखेर सवलत संपणार होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. मथळे आले की करोनात घरविक्रीचा विक्रम. पण त्या १९ हजारांतले कितीतरी व्यवहार आधीच ठरलेले होते आणि शुल्क वाचवायला डिसेंबरात ओढले गेले. उलट डिसेंबरात शुल्क भरून, सह्या करून ठेवलेले दस्त पुढचे चार महिने नोंदले जात होते. मार्च २०२१ मध्ये शुल्क भरलेल्यांचे दस्त तर जुलैपर्यंत येत राहिले. त्या काळातल्या कुठल्याही एका महिन्याचा नोंदणीचा आकडा घेऊन ‘या महिन्यात इतकी घरं विकली गेली’ म्हणणं साफ चूक आहे, आणि तेव्हा ते दर महिन्याला म्हटलं जात होतं.

दरवर्षी मार्चात याचीच छोटी आवृत्ती असते. १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या जागांच्या किमतींचे, दर बदलतात किंवा बदलतील अशी भीती असते, म्हणून मार्चात रांगा लागतात आणि एप्रिलचा आकडा खाली येतो. २०२५ मध्ये दर खरोखर वाढले, म्हणजे भीती खोटीही नसते. पण ‘एप्रिलमध्ये घरविक्री घसरली’ या बातमीत काही अर्थ नसतो. पितृपक्षाचंही तसंच. त्या पंधरवड्यात लोक सही टाळतात, घर बघणं आणि घासाघीस चालूच असते, आणि नवरात्र लागलं की साठलेले दस्त एकदम नोंदले जातात. मार्च-एप्रिल एकत्र धरा, पितृपक्ष-नवरात्र एकत्र धरा आणि मागच्या वर्षीच्या त्याच तुकड्याशी ताडून पाहा. एका महिन्याची आदल्या महिन्याशी तुलना उपनगराच्या पातळीवर मला अजिबात मान्य नाही.

तारखेची अडचण सोडवायला कागद आपल्या हातात आहे, तो म्हणजे इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. घर घेतलेल्या प्रत्येकाच्या फायलीत हा असतो, पण लोक त्यावरचं नाव आणि क्षेत्रफळ बघतात आणि फाइल बंद करतात. जरा खाली वाचा. ९ व्या क्रमांकाला ‘दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक’ असतो आणि १० व्याला ‘दस्त नोंदणी केल्याचा दिनांक’. बातम्यांतला आकडा १० व्या ओळीचा आहे. बाजाराचा अंदाज हवा असेल तर ९ वी ओळ धरा. तीही बुकिंगची तारीख नव्हे, पण व्यवहाराच्या जास्त जवळची आहे. भाव बघायचा तर २ ऱ्या ओळीतला मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली ठरलेली किंमत, बघा. ३ ऱ्या ओळीत ‘बाजारभाव’ लिहिलेलं असतं, पण तो सरकारी मूल्य दर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, काढलेला असतो. बाजारात कोणी तो दिलेला नसतो. ‘आमच्या बिल्डिंगचा बाजारभाव इंडेक्स टूवर कमी लागलाय’ म्हणून हवालदिल झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी एक ओळ वरचं वाचायला हवं होतं.

दुसरी फसगत मोजणीत होते: एक दस्त म्हणजे एक विक्री, असं धरून चालण्यात. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, गाव आणि सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) टाकून दस्त शोधता येतात, त्यामुळे हल्ली बरेच जण स्वतःच मोजायला बसतात, आणि ते उत्तमच आहे. लिव्ह अँड लायसन्स, गहाणखत, बँकेची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण कर्जाची नोंद), बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूक दुरुस्ती पत्र हे सगळं वगळायचं हे उघड आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पण ‘करारनामा’ आणि ‘सेल डीड’ असं दिसलं म्हणजे दोन विक्री झाल्या असंही नाही. रीसेलमध्ये पुष्कळदा आधी करारनामा होतो, थोडे पैसे दिले जातात, पूर्ण मुद्रांक शुल्क त्यावरच भरलं जातं. बँकेचं कर्ज सुटलं की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सेल डीड, म्हणजे अंतिम विक्रीखत, होतं. फ्लॅट एक, विकणारा एक, घेणारा एक, दस्त दोन. दुसऱ्या दस्तात मोबदला पूर्ण लिहिलेला असतो, पण १२ व्या ओळीत मुद्रांक शुल्क नाममात्र, काहीशे रुपये असतं. तसं नाममात्र शुल्क दिसलं की तो दस्त मोजणीतून काढा.

मुलुंड पूर्वेला आणि एकूणच जुन्या उपनगरांत हा प्रश्न आणखी मोठा आहे, कारण तिथे पुनर्विकास जोरात आहे. जुन्या सोसायटीत ४० सभासद असतील तर बिल्डर ४० जणांशी पर्यायी जागेचे करार करतो आणि ते नोंदले जातात, बहुधा काही दिवसांच्या अंतराने, एकाच सीटीएस नंबरवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की या प्लॉटवर आठवड्यात ४० फ्लॅट विकले गेले. प्रत्यक्षात एकही विकला गेलेला नसतो. आधी राहणाऱ्यांनाच नवी घरं मिळणार असतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की सभासदाला जुन्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या घरावर बाजारमूल्याप्रमाणे मुद्रांक शुल्क लावता येत नाही. तेव्हा इथेही १२ वी ओळच कामाला येते. सभासदाने पदरचे पैसे घालून जास्तीचं क्षेत्रफळ घेतलं असेल तर तेवढ्यावर शुल्क लागतं, आणि तेवढीच काय ती विक्री.

आता शिल्लक घरांकडे येऊ, कारण नोंदणीला विक्री समजण्याची किंमत तिथे मोजावी लागते. न विकलेल्या घरांचा जो आकडा छापून येतो तो बिल्डरांकडच्या घरांचा असतो. त्यात अर्धवट उभी असलेली घरंही येतात, नुसता पाया खणलेलीही येतात. तुमच्या शेजारी रिकामा पडलेला, विकायला काढलेला टू बीएचके त्यात नसतो. या शिल्लक घरांना महिन्याच्या विक्रीने भागलं की साठा किती महिन्यांत संपेल ते कळतं. हे माप मला फार उपयोगी वाटतं. फक्त भागाकार करताना लोक वर बिल्डरची शिल्लक ठेवतात आणि खाली सगळी नोंदणी घालतात.

समजा, एका भागात बिल्डरांकडे १,२०० घरं शिल्लक आहेत आणि महिन्याला १५० दस्त नोंदले जातात. १,२०० भागिले १५०, म्हणजे आठ महिने. साठा संपत आला, घाई करा. पण त्या १५० पैकी ६० रीसेलचे असतील आणि २० नाममात्र शुल्काचे दुसरे दस्त किंवा पर्यायी जागेचे करार असतील, तर बिल्डरची घरं महिन्याला ७० च खपतायत. १,२०० भागिले ७०, म्हणजे सतरा महिन्यांच्या वर. आठ महिन्यांचा बाजार आणि सतरा महिन्यांचा बाजार यांत गिऱ्हाइकाने वेगळं वागायला हवं. पहिल्यात बिल्डर एक रुपया सोडणार नाही. दुसऱ्यात पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा आकार), मुद्रांक शुल्क यांतलं काहीतरी नक्की सोडेल, पण तुम्ही बसून मागितलंत तर. आठ महिन्यांच्या भीतीने आयुष्यभराची बचत घाईघाईने ओतणारी कुटुंबं बघून मला वाईट वाटतं, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारे नातेवाईक विचारतात, ‘अरे, इन्व्हेंटरी थेट बघ ना, आमच्याकडे तर प्रत्येक टाउनची दिसते.’ तिथे एजंटांची सामायिक यादी असते, एमएलएस. करार झालेली घरं ‘पेंडिंग’ आणि व्यवहार पूर्ण झालेली ‘क्लोज्ड’ अशी वेगळी दिसतात. आपल्याकडे अशी यादी नाही. एकच फ्लॅट पाच दलाल पाच भावांनी पोर्टलवर चढवतात, आणि विकला गेल्यावरही जाहिरात उतरवत नाहीत. पोर्टलवरच्या जाहिराती मोजून रीसेलचा साठा काढू नका. आपल्या ओळखीच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारलंत की गेल्या वर्षात किती ट्रान्सफर झाले, तर त्यापेक्षा खरं चित्र मिळेल.

नव्या घरांच्या बाबतीत मात्र महारेराचं, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उघडा. मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचा क्रमांक ‘पी५१८००’ ने सुरू होतो, ठाणे जिल्ह्यातल्यांचा ‘पी५१७००’ ने; अलीकडे नोंदलेल्यांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असतात. प्रकल्पाच्या पानावर एकूण घरं आणि बुक झालेली घरं असतात, आणि ती माहिती दर तिमाहीला अद्ययावत करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. माहिती शेवटची कधी भरली ती तारीख आधी बघा. जुनी असेल तर तो प्रकल्प बाजूला ठेवा. मुलुंडसारख्या भागात मोठे प्रकल्प हाताच्या बोटांवर मोजता येतात. ही बेरीज एका संध्याकाळी होते, आणि ती कुठल्याही शहरभराच्या अहवालापेक्षा तुमच्या कामाची आहे.

सीमेचं थोडक्यात सांगतो. जाहिरातीत ‘मुलुंड’ असलं तरी जमीन नाहूर गावच्या हद्दीत असू शकते, कधी भांडुपच्या, म्हणून शोध गावाच्या नावाने आणि सीटीएस नंबराने घ्या. दस्तावरच्या ‘करल’ (कुर्ला), ‘बरल’ (बोरिवली), ‘टनन’ (ठाणे) अशा शिक्क्यावरून ते नोंदणी कार्यालय कुठलं ते कळतं, घर कुठलं ते नाही. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई शहर आणि उपनगरातल्या कुठल्याही कार्यालयात नोंदणी करता येते. त्यामुळे कार्यालयवार आकडे घेऊन ‘कुर्ल्यात विक्री वाढली, बोरिवलीत घटली’ असं लिहिणं आता थांबायलाच हवं.

एक विनंती आहे. शोधात विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर आणि मोबदला सगळं उघड दिसतं. ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकू नका. शेजाऱ्याने घर कितीला विकलं हे त्याच्या घरातल्यांनाही कधी कधी माहीत नसतं. तक्ता करताना नावं आणि फ्लॅट नंबर गाळा. सह्यांची तारीख, क्षेत्रफळ, मोबदला आणि शुल्क एवढे चार रकाने पुरतात. दुकानं वेगळी काढा, पार्किंग मोबदल्यात धरलंय का ते बघा आणि क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) ते प्रत्येक ओळीपुढे लिहून ठेवा.